सगळ्यांच्या स्वप्नातला अतुल

अतुल गेला तेव्हा भाजे गावाच्या वरचा डोंगर कारवीच्या फुलांनी जांभळा झाला होता. कित्येक वर्षांनी आलेला बहर तो. सकाळी धुकं पार भातखाचरांपर्यंत उतरायचं, मग सावकाश विरायचं, आणि त्याच्या आडून तो जांभळा रंग असा वर यायचा की बघणाऱ्याला आपण अजून झोपेतच आहोत असं वाटावं. त्या फुलांसाठी आग्या माश्या आल्या होत्या, आणि माश्यांसाठी अतुल आला होता.

अतुल म्हणजे टीव्हीवरचा. ‘अजून जवळ’ हा त्याचा कार्यक्रम रविवारी सकाळी लागायचा. मगर असो, अजगर असो, पिल्लाजवळची हत्तीण असो, तो इतका पुढं जायचा की घरात बघणारी माणसं पाय वर घेऊन बसायची. मग तो कॅमेऱ्याकडं वळून हसायचा आणि म्हणायचा, “अजून थोडं जवळ जाऊ.” राहायला मुंबईत असला तरी तो मूळचा भाज्याचा. त्याची थोरली बहीण अनिता गावातच दिलेली होती. डोंगरावरचा गड बघायला येणाऱ्या लोकांना ती आपल्या पडवीत जेवू घालायची. आईबाप लवकर गेल्यामुळं अतुलला तिनंच वाढवलं होतं.

गावाच्या वरच्या अंगाला एक उभा कडा आहे. तिथं आग्या मोहळं लागतात. अतुल दोरावरून कड्याच्या मध्यापर्यंत उतरला होता, वर दोर सांभाळायला डोंगरातल्या वाडीचा कोंडू होता. कोंडूनं उभी हयात त्याच कड्यावरचा मध काढलेला. चित्रीकरण चालू असतानाच माश्या उठल्या. अतुलला खाली घेऊन लोणावळ्याच्या दवाखान्यात पोचवेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतरचे दिवस अनिताला नीट आठवत नाहीत. ते एकमेकांत मिसळून गेले आहेत. तिला आठवतो तो फक्त त्याचा आवाज. चॅनलवाल्यांनी त्याचे जुने भाग पुन्हा लावले, आणि गावात ज्या घरापुढून जावं त्या घरातून अतुल बोलत असायचा. मळवली स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर तो मगरीबद्दल सांगायचा, पुढच्या वळणावर किराणा दुकानात हत्तींबद्दल. धुक्यात घरं दिसत नव्हती, नुसता त्याचा आवाज इकडून तिकडं फिरत होता. सकाळी पाण्याला जाताना ती एकदोनदा त्या आवाजाला ओ देऊन बसली.

सोमाटण्याच्या चौकात त्याचा मोठा फ्लेक्स लागला, खाली ‘वाघ गेला’ असं लिहून. पोरांनी दंडावर त्याचं नाव गोंदवून घेतलं. दुसरीकडं मोबाइलवर काहीजण लिहीत होते की जनावरांना छळून पोट भरणाऱ्याचं असंच व्हायचं. अनिताचा नवरा सोपान तिला ते वाचू द्यायचा नाही, पण जेवायला आलेले लोक आपापसात बोलायचे ते कानावर पडायचंच. तिला नवल वाटायचं, की दोन्हीकडचे लोक आपण त्याला चांगलं ओळखत होतो अशाच खात्रीनं बोलत होते.

आणि मग माणसं स्वप्नं सांगायला येऊ लागली.

पहिली आली ती तळेगावच्या कारखान्यात काम करणारी एक बाई. अनिताची तिची ओळखदेख नव्हती. पडवीत टेकली आणि म्हणाली की अतुलभाऊ पहाटे स्वप्नात आले होते. गल्लीतल्या कुत्र्यांच्या घोळक्यातून त्यांनी तिला हाताला धरून पलीकडं नेलं, आणि आता तिला त्या कुत्र्यांची भीती वाटत नाही. ती रडली, चहा प्यायली आणि गेली. मग एक रिटायर मास्तर आले, त्यांच्या स्वप्नात तो पवना धरणाच्या पाण्यावरून चालत होता. शेजारच्या सरुबाईला तो तिच्याच गोठ्यात म्हशीशी बोलताना दिसला होता. लोक येत, बसत, डोळे मिटून सांगत. सगळ्यांच्या स्वप्नात अतुल तसाच होता, खाकी शर्टातला, हसणारा, जवळ जाणारा. अनिता ऐकून घ्यायची. तिच्या स्वप्नात मात्र तो एकदाही आला नव्हता. उशीवर डोकं टेकलं की नुसतं पांढरं धुकं दिसायचं आणि त्यात कुणीच नसायचं.

हळूहळू बोलण्यात कोंडूचं नाव यायला लागलं. दोर त्याच्याच हातात होता ना, मग त्यानं वेळेवर का ओढला नाही. दारू प्यायला असेल. घाबरून पळाला असेल. कॅमेरेवाले खाली पायथ्याशी होते, वर कोंडूजवळ काय झालं ते कुणी पाहिलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. कोंडूनं गावात उतरणं बंद केलं. अतुलच्या दहाव्यालासुद्धा तो आला नाही, आणि ते अनिताच्या मनाला लागलं. शेवटी एका सकाळी ती एकटीच वाडीवर गेली.

वाट कारवीतून जात होती. दोन्ही बाजूंना डोक्यापर्यंत फुलं, वर धुकं, आणि सगळीकडं भरून राहिलेली माश्यांची गुणगुण. तिला भीती वाटली नाही. आपण कुणाच्या तरी खोल श्वासातून चाललोय असं वाटत होतं.

कोंडूची बायको बायडाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. अनिताला पाहून ती उठली आणि बाजूला झाली. आत कोंडू भिंतीला टेकून बसला होता. त्याचा चेहरा अजून सुजलेला होता, एक डोळा पुरता उघडत नव्हता. दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली. अनिता त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

तो म्हणाला, “ताई, दोर म्या सोडला न्हाई.”

त्यानं एका हाताचं फडकं सोडलं. तळव्याची सगळी साल निघाली होती. माश्या त्यालाही चावत होत्या तेव्हा तो डोळे मिटून दोर मुठीतून सरकू देत अतुलला जमिनीपर्यंत उतरवत होता. सोडून पळाला असता तर अतुल तिथंच दगडावर पडला असता.

“त्यानं तोंडावरची जाळी काढली हुती,” कोंडू म्हणाला. “म्या वरून दोन येळा दोर हिसडला, की बास आता, वर ये. तो म्हनला, अजून थोडं. जाळीतनं तोंड दिसत न्हाई म्हनला लोकांना.”

बायडाबाईनं कोरा चहा आणून ठेवला. अनितानं तो आधी कोंडूला पाजला, आपल्या हातानं कप धरून, कारण त्याला कप धरता येत नव्हता.

ती परत आली तेव्हा कैलास पडवीत वाट बघत बसला होता. कैलास गावातलाच, पंचविशीचा, तळेगावच्या कंपनीत कामाला. अतुलच्या नावानं निघालेल्या मंडळाचा तोच म्होरक्या. त्याचे डोळे लाल होते. त्यानंही स्वप्न सांगितलं. अतुल त्याच्या उशाशी येऊन उभा राहिला होता आणि कड्याकडं बोट दाखवून म्हणाला होता, जाळून टाका. आज संध्याकाळी पोरं पलिते घेऊन वर जाणार होती. कड्यावर एक पोळं शिल्लक ठेवणार नव्हती. मावशी, तुमी फक्त आशीर्वाद द्या, असं तो म्हणाला.

अनिताला त्या क्षणी राग आला तो कैलासचा नव्हे, अतुलचा. ह्या पोराच्या स्वप्नात यायला त्याला सवड होती.

दिवस कलला तशी ती उठली आणि कड्याखालच्या ओढ्यापाशी जाऊन बसली. वर जायची वाट तिथूनच जाते. धुकं पुन्हा उतरत होतं. थोड्या वेळानं त्यातून आधी डिझेलचा वास आला, मग पोरं दिसली. पेंढ्याचे पलिते अजून पेटवले नव्हते. तिला वाटेत बसलेली बघून ती थांबली. कैलास पुढं आला आणि म्हणाला की मावशी, बाजूला व्हा, त्यानंच सांगितलंय.

“माज्या स्वप्नात तो आला न्हाई,” अनिता म्हणाली. “एकदा बी न्हाई. म्हनून तो काय म्हनतो ते मला ठावं न्हाई. पन तो जिता हुता तवा मला ठावा हुता. चूक त्याची हुती, कैलास. त्यानं तोंडावरची जाळी काढली. कोंडूभाऊ वर बोलवत हुते, तो गेला न्हाई.”

पोरांत कुणीतरी म्हणालं की असं बोलू नका त्यांच्याबद्दल.

“मी न्हाई बोलनार तर कोन बोलनार? माजा भाऊ हुता त्यो.” तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. “माश्यांनी त्यांचं घर राखलं. तुमी वर गेलात तर तुमच्यातला एखादा असाच खाली येईल. मग त्याच्या आयनं काय करायचं? तिच्या दारात बी फ्लेक्स लावायचा?”

मग कैलास मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. अनिता त्याच्याजवळ जाऊन बसली. बाकीच्यांना काय करावं कळेना. एकानं आपला पलिता ओढ्याच्या काठावर ठेवला, मग दुसऱ्यानं. दोघंतिघं चिडून परत फिरले आणि जाताना काहीतरी पुटपुटले. पण वर कुणी गेलं नाही.

त्याची किंमत तिला मोजावी लागली. ओढ्यावरचं बोलणं मोबाइलवर फिरलं. सख्ख्या बहिणीनंच भावाला दोष दिला, असं लोकांनी लिहिलं. तळेगावची बाई पुन्हा आली नाही, मास्तरही आले नाहीत. स्वप्नं सांगणारे थांबले आणि पडवी रिकामी झाली. पुढं चॅनलनं रविवारच्या त्या वेळेला स्वयंपाकाचा कार्यक्रम लावला, आणि एकेका घरातून अतुलचा आवाज बंद होत गेला. अनिताला त्या शांततेत पहिले काही दिवस फार पोकळ वाटलं. मग गाढ झोप लागायला लागली.

कारवी झडली आणि भात कापणीला आलं. कोंडू आता गावात उतरत होता. त्याच्या तळव्यांवर नवी साल धरली होती, पण विळ्याची मूठ अजून आवळता येत नव्हती. म्हणून त्याच्या तुकड्यातलं भात कापायला अनिता आणि सोपान गेले. कैलासला कुणी बोलावलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी तो आपणहून विळा घेऊन आला, कोंडूसमोर एकदा मान खाली घालून उभा राहिला आणि मग कापायला लागला. कोंडू बांधावरून पेंढ्या नीट बांधा म्हणून सांगत होता.

दुपारी सगळे बांधावर जेवायला बसले. ऊन कोवळं होतं आणि कापलेल्या भाताचा वास सगळीकडं होता. कैलासनं भाकरीचा तुकडा हातातच ठेवून विचारलं, “मावशी, तो घरात कसा हुता?”

एवढ्या दिवसांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं.

“कोंबड्यांना भ्यायचा,” ती म्हणाली. “लय भ्यायचा. अंगनात कोंबडी आली की वट्यावर चढून बसायचा, आनि मी हाकलेपर्यंत खाली उतरायचा न्हाई.”

कोंडू आधी हसला. मग कैलासही हसला, डोळे पुसत. सोपाननं सगळ्यांच्या ताटात अजून थोडं कालवण वाढलं, आणि अनिता पुढचं सांगायला लागली.