गर्जनाचं बी

नाथाजीनं बियाचा लांब पंख मोडला, तसा तो कुरकुर वाजला. मग अंगठ्याच्या नखानं टरफल फोडलं. आत काळं, कोरडं. ते फेकून त्यानं पिशवीतलं दुसरं घेतलं. तेही तसंच निघालं.

"ह्या बारीलाबी मेलेलंच आणलंस."

त्याचा मुलगा वीरधवल विहिरीच्या कठड्याला टेकून उभा होता. "परवा निघताना उचललंय, आण्णा. ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं."

पलटणीत असताना नाथाजी अंदमानच्या जंगलात राहिला होता. तिथल्या गर्जनाच्या झाडांचा शेंडा बघायला गेलं की डोक्यावरची टोपी मागं पडायची. तसलं एक झाड रहिमतपूरच्या आपल्या विहिरीवर असावं, एवढाच त्याचा हट्ट होता. आता वीरधवलही त्याच बेटावर नोकरीला होता. पण गर्जनाचं बी थांबत नाही. गळाल्यावर आठवड्याच्या आत मातीत गेलं नाही, तर संपलं. दर सुट्टीला वीरधवल बी आणायचा, नाथाजी ते मातीच्या पिशव्यांत लावायचा आणि महिना-महिना पाणी घालत बसायचा. कोंब काही दिसायचा नाही. त्याची बायको रंगूबाई म्हणायची, "लोकं उसाला पानी पाजत्यात, आमच्यात नुसत्या मातीला."

नाथाजीनं तिसरं बी फोडलं.

"परवा उचललेलं आसं वाळत न्हाई रं. कुठं हुतास?"

वीरधवल बुटाच्या टोकानं ढेकूळ फोडत राहिला.

"कुपवाडला. प्रियदर्शनीच्या म्हायेरी. आठ-धा दिस झालं." मग खालच्या आवाजात म्हणाला, "तिथं एमआयडीसीत एक गाळा बगितलाय. पेन्शनीत आल्यावर लेथ मशीन टाकायची, तिथंच ऱ्हायाचं. ओवीची शाळाबी जवळ पडतीया."

नाथाजीच्या तोंडाशी शिवी आली. ती गिळून त्यानं मातीच्या पिशवीला लाथ घातली. पिशवी फुटली, माती पसरली.

रंगूबाई चहा घेऊन आली ती तिथंच थबकली.

"आता काय झालं?"

"बी मेलं," नाथाजी म्हणाला. "वाटंत ऊन लागलं आसंल."

वीरधवलनं चटकन वर बघितलं. नाथाजी चहा फुंकत होता.

कप घेऊन ती घराकडं वळली.

"आईला तूच सांग. मी न्हाई सांगायचा."

"व्हय."

"गाळ्यामागं मोकळी जागा हाय का?"

"हाय थोडी."

"थोडीत कसं भागंल?" नाथाजी खेकसला. "मोठी बग. लय वाढतंय ते झाड."