आदेल इथे राहत नाही

ध्रुवने चोरी केली ती केली, वर हसऱ्या चेहऱ्याचं चित्र टाकून मेसेजही पाठवला: "शुक्रवारी झूमवर माझा पेपर आहे, नक्की ये हं!" देवयानीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आयर्लंडमधल्या मेनूथमध्ये दोघं एकाच विभागात पीएचडी करत होते. ती मूळची इतिहासाची, तो पुण्यातली आयटीची नोकरी सोडून आलेला. लॉकडाऊनच्या महिनाभर आधी तिने फ्रान्समधल्या एका मठाच्या दफ्तरखान्यात, गारठलेल्या बोटांनी, राजकन्या आदेलची पत्रं उतरवून आणली होती. राजाने सतराव्या वर्षी मठात कोंबलेली पोर. पुढे त्याच मठाची प्रमुख झाली. लायब्ररी बंद, ध्रुवचं काम अडलेलं, म्हणून या भोळ्या बयेने त्याला अख्खा फोल्डर वाचायला दिला. एकच पत्र, सगळ्यात आवडतं, स्वतःकडे ठेवलं. आता तोच माल ध्रुवच्या नावावर! विभागात नोकरीची जागा एकच, आणि निवड करणारे प्राध्यापक शुक्रवारी ऐकणार होते.

तक्रारीचा ईमेल तिने लिहूनही ठेवला होता. पण मग त्याच्या पेपरचा सारांश वाचला, आणि ईमेल पुसून टाकला. "बोल बाबा, बोल," ती म्हणाली. "मी कशाला अडवू?"

शुक्रवारी ध्रुवने पडद्यावर कोणी कोणाला पत्रं लिहिली याचा नकाशा दाखवला. एक ठिपका आदेल, दुसरा सिस्टर बेनेदिक्त, मधे जाडजूड रेघ. दोन जिवलग मैत्रिणी, म्हणे! बावीस वर्षांचा पत्रव्यवहार!

देवयानीने हात वर केला. "दोघी राहायच्या कुठे?"

"एकाच मठात."

"मग पत्रं कशाला?"

ध्रुव नकाशा उगाच लहानमोठा करू लागला. त्याच्या मागे सोफ्यावर त्याची आई बसली होती. सुलेखाकाकू मार्चमध्ये दोन महिन्यांसाठी आल्या आणि विमानं बंद झाल्याने अडकल्या. निवृत्त शिक्षिका, त्यांना राहवेना.

"अरे ध्रुवा, मठात गेल्यावर नाव बदललं असेल रे तिचं! मी नव्हते का माहेरची विजयालक्ष्मी? तुझ्या बाबांनी ताटातल्या तांदळात सुलेखा लिहिलं. म्हणून मी काय दोघी झाले?"

माइक चालूच होता. त्या काय म्हणाल्या, असं प्राध्यापकांनी अदबीने विचारलं. ध्रुव माइक बंद करायचं बटण शोधत राहिला. देवयानीने शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला, ताटातल्या तांदळासकट. मग सांगितलं, की बेनेदिक्त म्हणजे आदेलच, आणि ती स्वतःच्याच हरवलेल्या पोरपणाला पत्रं लिहायची. आणि दफ्तरखान्याचा परवाना पडद्यावर धरला, स्वतःच्या नावाचा. काय बरं वाटलं म्हणून सांगू तिला!

संध्याकाळी ध्रुवचा फोन. "तुला आधीच माहीत होतं! एका शब्दाने बोलली असतीस तर? देवयानी, आपण मित्र ना गं? दोघांनी मिळून केलं म्हणून सांग ना त्यांना. माझं वाटोळं होईल."

तिने ते राखून ठेवलेलं पत्र काढलं. म्हातारा राजा एकदा लेकीला भेटायला मठाच्या दारात आला होता. तिने दार उघडलं नाही, चिठ्ठी पाठवली. देवयानीने ती सावकाश वाचून दाखवली:

"तुम्ही ज्या आदेलला भेटायला आलात, ती इथे राहत नाही. तुम्ही बाहेरून दार लावलंत, त्याच दिवशी ती गेली."

"म्हणजे?" ध्रुवने विचारलं.

"म्हणजे तू ज्या मैत्रिणीला फोन केलास ना, तीसुद्धा."

आणि तिने फोन ठेवला.