कुंडीतला दुष्काळ

प्रयोगशाळेत सगळ्यांत जुनी कोण, तर थोरली. बहिणींमध्ये मोठी म्हणून आई तिला तशी हाक मारायची. ती हाक एकदा फोनवरून कुणीतरी ऐकली आणि इथेही तेच नाव चिकटलं. तिच्या मागून आलेली पोरं पदव्या घेऊन, लग्नं उरकून, टकलंसुद्धा पाडून मोकळी झाली, आणि ही बाई अजून चिमट्याने बी पेरतेच आहे.

काम ऐकायला सोपं. भातात हजारो जनुकं. कोणतं काय करतं ते शोधायचं. पण भाताला वाढायला वेळ लागतो आणि प्रयोगशाळेच्या सरांना धीर नाही. म्हणून त्यातलं एक जनुक उचलायचं आणि मोहरीच्या कुळातल्या एका किडकिडीत तणात घालायचं. बरं, घालून गप्प बसू द्यायचं नाही, रात्रंदिवस कामाला जुंपायचं. मग त्या बापड्या तणाचं काय होतं ते बघायचं. एखाद्या अबोल माणसाच्या तोंडाला भोंगा बांधला, की त्याच्या मनात काय आहे ते कळेल, असा सगळा हिशेब.

त्यात सरांची आणखी एक खोड. जनुकाचं काम कळायच्या आधीच ते त्याचं नाव ठेवून मोकळे होत. एकाचं ठेवलं 'भरघोस', त्याची रोपं एकजात मेली. दुसऱ्याचं 'देखणं', त्याची पानं जळक्या कागदासारखी वळली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! पण सरांना सांगणार कोण?

तिसऱ्याचं नाव 'कणखर'. ते घातलेली रोपं उगवली शर्टाच्या बटणाएवढी आणि बटणाएवढीच राहिली. हेही गेलं, म्हणून थोरलीला रडू कोसळलं. शेवटी रीत म्हणून तिने पाणी तोडलं. शेजारच्या कुंड्यांमधल्या साध्या रोपांनी माना टाकल्या, आणि बटणं मात्र हिरवीगार.

सर नाचायचेच काय ते बाकी होते. "मूर्ती लहान पण कीर्ती महान! अगं, दुष्काळाला पुरून उरणारं जनुक आहे हे! निबंध छापून आला की तुझी पदवी पक्की."

थोरलीने तिथूनच आईला फोन लावला. "आई, झालं गं! आता घरी येते." आई इतकी हरखली, की संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं, आमच्या पोरीने पाण्याशिवायचा भात काढला.

आणि दुसऱ्या दिवशी घोड्याने पेंड खाल्ली. फळी पुसायला तिने दोन कुंड्या दोन हातांत उचलल्या. साध्या रोपाची कुंडी अगदी हलकी, बटणाची चांगली जड. तिने बटणाच्या कुंडीत बोट खुपसलं. माती ओली!

"अगं बाई!" ती मटकन स्टुलावर बसली. एवढ्याशा पानांनी पाणी पिऊन पिणार किती? साधं रोप वाढलं, घटाघट प्यायलं आणि तहानेनं मेलं. बटणाच्या कुंडीत दुष्काळ कधी आलाच नव्हता. त्यात कणखर काय असायचं, कपाळ!

तरी खात्री हवी. तिने एकाच कुंडीत दोन्ही रोपं शेजारी शेजारी लावली आणि पाणी तोडलं. साध्या रोपाने सगळं पाणी ओढून घेतलं आणि बटणाने त्याच्याही आधी मान टाकली.

ती कुंडी तिने सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"दोन रोपं एका कुंडीत लावायला कुणी सांगितलं?" सर कडाडले. "एक कुंडी, एक रोप. सगळं जग असंच करतं."

"सर, शेतात कुंड्या नसतात."

सरांनी कुंडी टेबलाच्या कडेला सारली. मग म्हणाले, "निबंधात 'कुंडीमध्ये' असा शब्द घालू. झाकली मूठ सव्वा लाखाची. परवा अनुदान समिती येतेय, तोंड बंद ठेव."

समिती आली. अध्यक्ष कोट सावरत कुंड्यांपुढे उभे राहिले. सरांची जीभ नुसती सुटली होती. थोरलीने आधी ओठ गच्च दाबले. पण मग संताप अनावर झाला, आणि तिने दोन कुंड्या सरळ अध्यक्षांच्या हातांत दिल्या.

"धरून बघा, साहेब. ही जड लागते ना? पाणी आतच आहे. हे खुजं रोप पाणी प्यायलंच नाही, म्हणून जगलं."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"म्हणजे," अध्यक्षांचा चेहरा खुलला, "पाणी वाचलं!"

"वाचलं!" सरांनी तो शब्द वरच्यावर झेलला. "तेच सांगत होतो मी."

"पण साहेब, याला बी धरत नाही. असं खुजं पीक दाणा काय देणार?"

"तो पुढचा टप्पा," अध्यक्ष म्हणाले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

समिती गेल्यावर सर खुशीत होते. "बघ, खरं बोललीस तरी काही बिघडलं नाही." त्यांनी निबंधाचा मसुदा तिच्यापुढे सरकवला. मथळा होता, 'पाणी वाचवणारं कणखर जनुक'. पहिलं नाव तिचं. "कर सही आणि जा घरी."

थोरलीला घरी जायचं होतं. फार जायचं होतं. तिने पेन उघडलं आणि पुन्हा टोपण लावलं.

"सर, या जनुकाने रोप खुजं राहतं. मला एवढंच कळलंय, तर एवढंच लिहिते."

"एवढ्यावर कोण छापणार? पुन्हा प्रयोग, पुन्हा निबंध. आणखी वर्ष जाईल तुझं."

"जाऊ दे," ती म्हणाली, आणि लगेच तिला भडभडून आलं.

जिन्यात उभं राहून तिने फोन लावला. "आई, अजून एक वर्ष लागेल गं."

"अगं, पण मी सगळ्यांना सांगून बसलेय! आता काय सांगू?"

"सांग, पोरीने एक रोप खुजं करून दाखवलं."

आईने अगदी भोळेपणाने विचारलं, "त्याला इतकी वर्षं लागतात होय गं?"

"लागतात," थोरली म्हणाली, आणि डोळे पुसत जिन्यावरच बसली.