कुंकवात बुडालेलं विम्याचं कार्ड

मित्रांनो, जरा जवळ या, मला नीट बघा, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या! मी एक जुनं कार्ड आहे. कामगार विम्याचं. तळहाताएवढं, जाड पुठ्ठ्याचं, आणि आता तर मधोमध भोक पडलेलं. माझ्या अंगावर चार माणसांचा फोटो आहे, पण चौघांची तोंडं एवढी लालभडक की बघणाऱ्याला वाटावं, ह्यांनी रंगपंचमीलाच फोटो काढला की काय! पण तो रंग नाही, कुंकू आहे. ते कसं लागलं आणि त्यापायी एका माणसाचा जीव कसा टांगणीला लागला, तेच सांगायला मी केव्हाचा थांबलोय.

माझा जन्म एकोणीसशे एक्क्याण्णवचा, श्रावणातला. जालन्याच्या एमआयडीसीत सळया काढायची एक मिल होती, तिथं पुंजाराम कामाला होता. कार्डासाठी सगळ्या घराचा फोटो लागतो म्हणून तो सगळ्यांना स्टुडिओत घेऊन गेला. त्याची आई चतुराबाई, बायको दुर्गाबाई आणि चार वर्षांची पोरगी द्वारका. फोटोवाला म्हणाला, "आजी, डोळे मिटू नका." झालं! चतुराबाईनं डोळे असे फाडले, असे फाडले, की फोटोत आधी तिचे डोळेच दिसतात, मग बाकीची माणसं. तो फोटो मला चिकटवला आणि वर गोल शिक्का मारला, अर्धा फोटोवर, अर्धा माझ्या अंगावर. खाली निळ्या शाईत माझा नंबर लिहिला.

मिलमध्ये आम्हा कार्डांचं वाटप केलं ते फोरमन धर्मराजनं. आवाज भट्टीसारखा. म्हणाला, "घ्या रे, पगारातून पैसे कापतेत आन् हातात पुठ्ठा देतेत!" सगळे हसले. मला मात्र फार वाईट वाटलं. जन्मल्या जन्मल्या कुणी पुठ्ठा म्हटलं तर तुम्हाला कसं वाटेल?

पण दुर्गाबाईनं मला हातात घेतलं आणि माझं सगळं दुःख पळालं. ती म्हणाली, "खिशात नका ठिवू, घामानं भिजंल. एवढा सगळ्या घराचा फोटो हाय त्याच्यावर." आणि तिनं मला थेट देव्हाऱ्यात ठेवलं!

पुढं खंडेनवमी आली. त्या दिवशी त्या घरात हत्यारांची पूजा होते. पुंजारामनं मिलमधला आपला लांब चिमटा घरी आणला होता. लाल तापलेली सळई धरायचा तो चिमटा. दुर्गाबाईनं तो धुतला, पाटावर मांडला, त्याच्या शेजारी मला मांडलं, आणि हळद-कुंकू घेऊन बसली. चिमट्याला लावलं. मग मला. आता मला कुठं लावायचं? माणसाला जिथं लावतात तिथं! पुंजारामच्या तोंडावर एक बोट, सासूच्या तोंडावर एक, द्वारकेच्या तोंडावर एक, आणि स्वतःच्या कपाळावर तर लावायलाच पाहिजे. वरून दिव्यातलं तेल सांडलं थोडं. चतुराबाई म्हणाली, "आणखी लाव गं, घरधन्याचं हाय."

अशा चार खंडेनवम्या झाल्या, मित्रांनो! दरवर्षी नवं कुंकू, दरवर्षी नवं तेल. मी तर फुगून गेलो. मला वाटायला लागलं, आपण देवच आहोत. पण ह्या चार वर्षांत मला एकदाही, अगदी एकदाही, कुणी विमा दवाखान्यात नेलं नाही. पोरीला ताप आला तर घरचा काढा, आजीचे गुडघे दुखले तर तेल. पूजा भरपूर, काम बिलकुल नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, हे मी खरं खरं सांगतो.

पंच्याण्णवची संक्रांत आली आणि पुंजारामचा खोकला काही थांबेना. खरं तर तो दिवाळीपासूनच खोकत होता. संध्याकाळी अंग कणकण करायचं, भाकरी अर्धी उरायची. पण कामावर खाडा नाही. का माहितीये? त्याच मिलमध्ये कचरू नावाचा एक जण होता. तोही असाच खोकत होता. "हवा बदलून येतो" म्हणून घनसावंगीकडं आपल्या गावाला गेला, आणि परत आला तर त्याच्या जागेवर दुसराच माणूस! पुंजारामनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून तो खोकला गिळायचा.

मिलमध्ये त्याच्या समोर तातेराव उभा राहायचा. त्यांचं काम कसं, ऐका. फिरत्या रोलांमधून तापलेली सळई सापासारखी बाहेर यायची. एकानं ती चिमट्यानं धरायची आणि दुसऱ्या खाचेत घालून पलीकडं पाठवायची, पलीकडच्यानं धरायची आणि परत अलीकडं. एकाचा हात चुकला तर दुसऱ्याचा पाय भाजलाच. म्हणजे हे दोघं रोज एकमेकांच्या भरवशावर उभे!

तातेराव विचारायचा, "पुंजा, दवाखान्यात जातो का न्हाई?"

"धुराचा ठसका हाय रे."

"धूर रोज नवा असतो लेका. ठसका दिवाळीचा कसा राह्यला मंग?"

आणि मग तो दिवस आला. सळई रोलातून बाहेर आली, आणि नेमकी तेव्हाच पुंजारामला उबळ आली. चिमटा हुकला! लाल सळई वळवळत फरशीवरून सुटली. तातेरावनं उडी मारली म्हणून पाय वाचला, बुटाचा तळ मात्र जळून गेला. मिल थांबली. धर्मराज ओरडत आला, "आज तुझ्या खोकल्यानं एक माणूस जाळला असता! तब्येत दाखवून ये, बरा हो, न्हाईतर तुझ्या जागेवर दुसरा लावतो!"

हे सगळं मी ऐकलं ते देव्हाऱ्यातून, कारण दिवेलागणीला तातेराव जळका बूट घेऊनच घरी आला होता. पुंजाराम खाली मान घालून म्हणाला, "मी गावाकडं जातो. जाफराबादला पंधरा दिस शेतात राह्यलो की बरा होईन."

"कचरूबी हवाच खायला गेल्ता," तातेराव म्हणाला.

मग जळका बूट खाली ठेवून त्यानं विचारलं, "तुझं विम्याचं कार्ड कुठंय?"

दुर्गाबाई लगबगीनं उठली आणि मोठ्या अभिमानानं मला आणून त्याच्या हातात दिलं. तातेरावनं मला उजेडात धरलं. उलटं केलं. पुन्हा सुलटं केलं.

"वहिनी, ह्याच्यात पुंजा कोणता?"

"हा काय, डावीकडचा लाल."

"आन् तुम्ही?"

"उजवीकडची लाल."

"अन् मधी दोन लाल हायेत, ते?"

बोलता बोलता दुर्गाबाईचं तोंड उतरलं. तिला कळलं! तिनं पदर ओला केला आणि मला घासायला लागली. तेल आणि कुंकू मिळून आणखीच पसरलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी तर चांगल्यासाठीच केलं हो भाऊजी. आता ह्यांना वळखायचं कसं कुणी?" चार वर्षं देव होऊन बसलेला मी, मित्रांनो, तेव्हा लाजेनं मेलो. पहिल्यांदा माझी गरज पडली, आणि मी कामाचाच उरलो नव्हतो!

सकाळी अख्खं घर विमा दवाखान्यात गेलं, आजीसकट. रांगेत पुंजाराम खोकायचा आणि दुर्गाबाई मला मुठीत आवळायची. खिडकीत उषाबाई नावाच्या कारकूनबाई बसायच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी मला घेतलं आणि चष्मा वर सरकवला.

"हे कार्ड हाय का कुलदैवत?"

मागची रांग खदखदून हसली. दुर्गाबाई हात जोडून म्हणाली, "चूक माझी हाय बाई. मला काय बोलायचं ते बोला, पण ह्यांना परत नका लावू. ह्यांचं काम जाईल."

उषाबाईंनी मला उजेडाकडं तिरकं धरलं. आणि मग त्या म्हणाल्या, "नंबर तर साफ हाय की!"

होता की! चार वर्षांत दुर्गाबाईनं नंबराला एकदाही बोट लावलं नव्हतं. नंबराला कोण कुंकू लावतं? उषाबाईंनी कपाटातून एक फाईल ओढली. तिच्यात पुंजारामचा अर्ज, आणि अर्जावर तोच फोटो, स्वच्छ! त्या एकेकाकडं बघायला लागल्या. पुंजाराम, बराबर. दुर्गाबाई, बराबर. पोरगी मोठी झाली, पण हनुवटी तीच. मग आजी. चतुराबाईला वाटलं आता आपल्यामुळंच अडणार, म्हणून तिनं भीतीनं डोळे टक्क फाडले, अगदी फोटोतल्यासारखे!

"बस, बस," उषाबाई हसून म्हणाल्या, "एवढा पुरावा बास झाला. जल्दी आत जा. कार्डाची दुरुस्ती मंग करू."

डॉक्टरांनी तपासलं, छातीचा फोटो काढायला लावला, थुंकी तपासली. दोन दिवसांनी सांगितलं, टीबी. दुर्गाबाईनं पुंजारामचा हात घट्ट धरला. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. पुरता बरा होतो. गोळ्या मात्र पुरे सहा महिने, एक दिवस चुकवायचा नाही. आणि घरच्या सगळ्यांना तपासून घ्या."

पुंजारामनं एकच विचारलं, "साहेब, माझी जागा?"

डॉक्टरांनी दाखला लिहून दिला. तो खिडकीवर दाखवला तेव्हा उषाबाई म्हणाल्या, "हा मिलमधी द्या. ह्या आजारपणाच्या रजेवर हाय तवर मालकाला काढता येत न्हाई. कायदा हाय तसा. आन् घरी बसल्यावर भत्ता भेटंल."

"घरी बसल्यावर?" पुंजारामनं दोनदा विचारलं. मग त्यानं एवढा मोठा सुस्कारा टाकला, एवढा मोठा, की त्याला पुन्हा ठसकाच लागला! आणि त्या ठसक्यावर दुर्गाबाई कितीतरी दिवसांनी हसली.

मग काय, माझे खरे दिवस सुरू झाले! देव्हारा सुटला. प्लॅस्टिकच्या पिशवीत बसून मी पुंजारामच्या खिशात राहू लागलो. दवाखाना, गोळ्या, तपासणी, मी सगळीकडं! घरातल्या कुणालाच टीबी निघाला नाही, आणि पुंजारामच्या ताटातली भाकरी पुरी संपायला लागली. डॉक्टरांनी कामावर जायचा दाखला दिला, त्या सकाळी मी त्याच्या खिशातच होतो. छाती धडधडत होती, मला आतून सगळं ऐकू येत होतं.

तातेराव समोर उभा राहिला. "धर रे!"

सळई आली. पुंजारामनं धरली, वळवली, खाचेत घातली. दुसरी आली. तिसरी आली. सळईमागून सळई, खोकला नाही की थांबणं नाही. धर्मराज बराच वेळ कमरेवर हात ठेवून बघत होता. मग एवढंच म्हणाला, "चहा घ्या रे." दोघांना आपल्याच पैशानं!

त्यानंतर मिलमध्ये गंमतच झाली. कुणी शिंकलं तरी धर्मराज विचारायचा, "कार्ड कुठंय?" माणसं महिनाभर दुखणं लपवायच्या ऐवजी दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात जायला लागली. दोन दिवसांची रजा, आणि माणूस परत ताजा. उबळ नाही, झोकांडी नाही, सळई सुटत नाही. मिल अधूनमधून बंद पडायची ती थांबली, पाळी संपायच्या आत माल निघायला लागला. एकदा तर धर्मराज स्वतःच सगळ्यांसमोर बोलला, "मी ह्याला पुठ्ठा म्हणलो व्हतो. चुकलं माझं." ऐकलंत ना? माझ्याबद्दल बोलला तो!

पुढं मी झिजलो. नव्या सालात पुंजारामला नवं कार्ड मिळालं. उषाबाईंनी नियमाप्रमाणं माझ्या मधोमध भोक पाडलं, आणि दुर्गाबाईनं हट्ट करून मला घरी मागून आणलं. त्या भोकातून दोरा ओवून आता मी खिळ्याला टांगलेला असतो.

गेल्या खंडेनवमीला शेजारची तुळजाबाई नवऱ्याचं नवंकोरं कार्ड आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली. दुर्गाबाई ओरडलीच, "अगं थांब! आधी पिशवीत घाल. कुंकू वरून लाव. आन् पूजा झाली की देव्हाऱ्यात न्हाई, नवऱ्याच्या खिशात!"

म्हणून सांगतो, मित्रांनो, तुमच्या घरात माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला पेटीत, देव्हाऱ्यात कोंडू नका. दुखणं लपवू नका आणि आम्हाला रांगेत उभं करा, तोच आमचा मान.

त्या दिवशी तुळजाबाई गेल्यावर दुर्गाबाई माझ्यापाशी आली. बोटावर कुंकू होतं. जरा थांबली, मला निरखून पाहिलं, आणि भोकाशेजारच्या कोऱ्या जागेवर एकच ठिपका लावला. चेहऱ्यांपासून लांब. नंबरापासून तर त्याहूनही लांब.