डब्यांना सावली

आक्का ज्या गावातून आली तिथे ऊन वर्षातून चार दिवस यायचं, तेही उपकार केल्यासारखं. बाकी वर्षभर आभाळ छतावर टेकलेलं आणि कपडे शेगडीपुढे वाळत घातलेले. म्हणून ऊन पडलं की तिच्या घरात एकच धावपळ उडायची. खुर्च्या बाहेर, बाह्या वर, तोंड आभाळाकडे. त्या दिवशी सावलीत बसणाऱ्याला तिची आई सरळ करंटा म्हणायची. अशा आईच्या हाताखाली आक्का वाढली, भिंती रंगवायला शिकली, आणि तिकडची कामं आटली तेव्हा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी धाकट्या भावाकडे, या उन्हाच्या देशात, येऊन दाखल झाली.

भावजय दवाखान्यात परिचारिका होती, तीही कातडीच्या विभागात. आक्का कामावर निघाली त्या पहिल्या सकाळी तिनं टेबलावर सनस्क्रीनची बाटली, रुंद काठाची टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा मांडून ठेवला.

"वन्सं, बाहेर पडायच्या आधी हे लावा. मान, कान, हातांची पाठ, काही सोडू नका. दर दोन तासांनी पुन्हा. आणि दुपारचं जेवण सावलीत बसून."

"अगं, जन्मभर ज्याची वाट बघितली, त्याच्यापासून आता तोंड लपवू होय?"

आक्कानं बाटली उचलून फळीवर ठेवली. तिला कुणी काही शिकवायला लागलं की आधी तिच्या नाकपुड्या फुगायच्या आणि मग ती हटकून उलटं करायची. स्वभावाला औषध शोधायला ती काही इथे आली नव्हती.

काम एका शाळेच्या इमारतीचं होतं. तीन मजले, आठ रंगारी, एक मुकादम. "महिनाभर हात बघू, मग पक्कं करू," मुकादम म्हणाला होता. आक्काला हे काम हवंच होतं. भाऊ चांगला होता, भावजय त्याहून चांगली, पण दुसऱ्याच्या घरी पाहुणी बनून आयतं जेवणं तिला एक दिवसही जमायचं नाही. शिवाय हातात ब्रश नसला की आपण कोण आहोत हेच तिला कळेनासं व्हायचं.

पहिल्या दुपारी बाकीचे जिन्याखाली जेवायला बसले. आक्का मात्र कठड्यावर बसली, बाह्या खांद्यापर्यंत वर, तोंड आभाळाकडे. संध्याकाळी दंड लाल झाले. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. आभाळ आलं की ऊन संपलं, एवढं तिला लहानपणापासून पक्कं ठाऊक. तिनं कामावर मिळालेली कंपनीची छोटी टोपीही काढून खिशात कोंबली आणि दिवसभर पांढऱ्या भिंतीपुढे उभी राहिली. रात्रीपर्यंत मानेवर फोड आले.

"ढग असले तरी भाजतं, वन्सं," भावजय गार पाण्याची घडी ठेवत म्हणाली. "आणि तुमची ती पांढरी भिंत समोरून ऊन परत फेकते, ते वेगळंच."

आक्का तीन रात्री पालथी झोपली. रंगाऱ्यांच्या गँगनं तिचं नाव टोमॅटो ठेवलं.

आता आक्का चुकली की रडणारी बाई नव्हती. ती चिडायची. जेवढ्या हट्टानं तिनं ऊन अंगावर घेतलं, तेवढ्याच हट्टानं ती त्याच्यावर उलटली. भावजयीनं दिलेल्या टोपीत मान उघडी राहत होती, म्हणून सुट्टीच्या दिवशी तिचं शिलाई यंत्र पुढ्यात ओढलं. कापड खिडकीपुढे धरून बघायची. पलीकडचा उजेड दिसला की ते बाजूला. घट्ट विणीच्या जाड कापडाची टोपी केली, सगळीकडून वीतभर काठ, मागे मान झाकणारा पडदा, हनुवटीखाली बंद. कंपनीच्या अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्याला मनगटापर्यंत बाह्या जोडल्या. नाकावर आणि कानांवर सनस्क्रीन असं थापलं की भिंतीचं अस्तर चेहऱ्यालाच दिलंय असं वाटावं.

"आली बघा छत्री," कुणीतरी परांचीवरून ओरडलं.

"छत्री तर छत्री. टोमॅटोपेक्षा टिकते."

गँगमधले सगळ्यात जुने रंगारी काका. तीस वर्षं भिंती रंगवल्या, साठी जवळ आलेली, बोलणं मोजकं. त्यांच्या डाव्या कानाच्या टोकाला कायम एक चिकटपट्टी असायची. एक दिवस शेजारी काम करताना आक्कानं विचारलंच.

"कानाला काय झालं, काका?"

"परांचीचा पाइप घासला."

"कधी?"

"झाले असतील चार महिने. खपली धरते, पुन्हा निघते."

घरी आक्कानं हे सांगितलं तेव्हा भावजयीनं हातातला चमचा खाली ठेवला. "चार महिने न भरणारी जखम? उन्हात काम करणाऱ्याच्या कानावर? त्यांना म्हणावं, आमच्याकडे येऊन दाखवा. मी नंबर लावते."

दुसऱ्या दिवशी आक्कानं हा निरोप दिला तेव्हा काका हसले. "मी काय तुझ्यासारखा नवखा आहे? माझं कातडं याच उन्हात मुरलंय."

"नवख्याचं कातडं दोन दिवसांत बोंब मारतं," आक्का म्हणाली. "जुन्याचं गप्प राहतं, एवढाच फरक."

काकांनी रोलर उचलला आणि दुसऱ्या टोकाला निघून गेले. त्यानंतर रोज सकाळी आक्का एकच प्रश्न विचारायची, "गेलात का?" आणि काका रोज एकच उत्तर द्यायचे, "बघू."

महिना संपायच्या आदल्या दिवशी मुकादम तिच्याजवळ आला. माणूस वाईट नव्हता, नोकरीला घाबरलेला होता.

"बाई, उद्या ठेकेदारसाहेब येणार. भिंतीपुढे सगळ्यांचा फोटो काढून पाठवायचाय. कंपनीची टोपी, अर्ध्या बाह्या. त्यांना तसंच लागतं. हा तंबू घालून उभ्या राहिलात तर मी पक्कं करू शकणार नाही."

घरी भाऊसुद्धा म्हणाला, "आक्का, फोटोपुरती घाल की ती छोटी टोपी. पाच मिनिटांचा प्रश्न."

"आज फोटोपुरती, उद्या साहेब आले म्हणून, परवा मुकादम रागावेल म्हणून. मग टोपी घालायची कधी, मेल्यावर?"

पण खोलीत गेल्यावर तिनं कंपनीची टोपी हातात घेऊन बराच वेळ बघितली. काम गेलं तर पुन्हा दारोदार विचारत फिरावं लागेल, या वयात, या परक्या मुलखात. भीती वाटली. तिला भीती वाटली याचाच राग आला, आणि तिनं टोपी पिशवीच्या तळाशी टाकली.

ठेकेदार अकरा वाजता आला. उतरल्यावर आधी त्यानं गाडीच्या पुढच्या काचेला चंदेरी पडदा लावला, आतली सीट तापू नये म्हणून. मग भिंत बघितली, मान डोलावली, आणि आक्काला बघून थबकला.

"हे काय ध्यान? काढा ते. नाहीतर घरी जा."

आक्का ब्रश हातात घेऊन पुढे आली.

"साहेब, मुकादम आम्हाला रोज काय सांगतात ठाऊक आहे? डबे उन्हात ठेवू नका, रंग खराब होतो. डब्यांसाठी ही एवढी ताडपत्री बांधलीय. तुमच्या गाडीच्या सीटला पडदा आहे. डब्यांना सावली, सीटला सावली, आणि माणसाला एवढीशी टोपी?"

"मला शिकवू नका, बाई."

"मग मला डबा म्हणून ठेवा," आक्का म्हणाली, आणि सरळ ताडपत्रीखाली जाऊन वीस लिटरच्या दोन डब्यांच्या मधे बसली. "फोटो काढा. मी इथून दिसते."

कुणीतरी फिसकन हसलं. ठेकेदाराचा चेहरा तापला. तो मुकादमाकडे वळून म्हणाला, "हिचं नाव काढून टाका."

आक्कानं टोपीचा बंद हनुवटीखाली आणखी घट्ट केला.

तेवढ्यात काका रांगेतून बाहेर आले. त्यांनी कंपनीची टोपी काढली, कानाची चिकटपट्टी ओढली आणि ठेकेदारापुढे कान केला. टोकाशी खडबडीत, रक्ताळलेली जखम होती.

"तीस वर्षं तुमची टोपी घातली, साहेब. तुमच्या वडिलांच्या वेळेपासून. तिच्यात कान मावत नाही." मग वळून म्हणाले, "आक्का, नंबर लाव. आणि तुझी ती छत्री दे इकडे."

ठेकेदाराच्या हुकमावर न निघालेली टोपी आक्कानं एका क्षणात काढली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते कुणाला दिसलं तरी तिला चालणार होतं. काकांनी टोपी घातली, बंद बांधला, आणि जाऊन रांगेच्या मधोमध उभे राहिले.

पांढऱ्या भिंतीचं ऊन सगळ्यांच्या तोंडावर येत होतं. ठेकेदारानं कपाळ पुसलं, मान पुसली, आणि बोलता बोलता दोन पावलं मागे, ताडपत्रीखाली, कधी आला हे त्याचं त्यालाही कळलं नाही. आक्कानं एक डबा सरकवला.

"या, बसा. जागा आहे."

तो बसला नाही, पण उन्हातही परत गेला नाही. थोड्या वेळानं कानाकडे न बघता मुकादमाला म्हणाला, "राहू द्या तिचं नाव. पण टोपीवर कंपनीचं नाव पाहिजे."

"घालू की," आक्का म्हणाली. "वीतभर काठ आहे, पत्तासुद्धा मावेल."

काका तीन आठवड्यांनी कामावर परतले, तोवर आक्कानं भावजयीच्या टोपीवर निभावलं. कानाला मोठं बँडेज, डोक्यावर तीच टोपी. कर्करोगाची सुरुवात निघाली म्हणून कानाचं टोक काढलं होतं. आणखी उशीर केला असता तर कान गेला असता आणि कदाचित तेवढ्यावर भागलंही नसतं, असं डॉक्टर म्हणाले होते. हे त्यांनी आक्काला परांचीवर, रोलर रंगात बुडवत, भिंतीकडे बघत सांगितलं.

आक्कानं हात पुढे केला. "माझी टोपी?"

"ती आता माझी. तू दुसरी शिव."

या देशात आल्यापासून पहिल्यांदाच आक्कानं कुणाचं तरी निमूटपणे ऐकलं.