त्रिंबकनं आवरलेला कॉम्प्युटर

वच्छलाबाई दूध सोसायटीच्या पायरीवर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. बाहेर पाण्याचा टँकर भरून उभा होता आणि म्हाळू ड्रायव्हर सारखा हॉर्न दाबत होता. टँकरची पाळी आता कॉम्प्युटर लावायचा, आणि आजच्या कागदावर त्यांची वस्तीच नव्हती. गोठ्यातली गुरं कालपासून कोरडी होती.

"आमचीच वस्ती कावून गळाली?" त्यांनी आत डोकावून विचारलं.

पाळीचा प्रोग्रॅम त्यांच्या चुलत दिराच्या सुनेनं, सत्यभामेनं केला होता. अंबाजोगाईला शिकून आलेली पोर. ती मान वर न करता म्हणाली, "काल म्या त्यात बदल केला, तिथं चुकलं. पण आधीचा प्रोग्रॅम गिटमधी जपून ठेवलाय, आत्याबाई. गिट म्हंजी जुन्या प्रती सांभाळणारं सॉफ्टवेअर. एक कमांड दिली की परत येतो."

"मग दे की."

"देतीय. पण मशीन म्हणतंय, गिट नावाची कमांडच सापडत न्हाई."

तिनं पुन्हा टाइप केलं. मशीन बंद करून चालू केलं. तेच उत्तर. वच्छलाबाईंना बहात्तरचा दुष्काळ आठवला. तेव्हा चेअरमननं नुसतं बोट केलं, की पिंपांची बैलगाडी त्या वस्तीकडे निघायची. आपली वस्ती राहिली तर भांडायला समोर माणूस तरी असायचा.

"कालपर्यंत चालत होतं," सत्यभामा म्हणाली. "मशीनला कुणी हात लावला?"

गोदाम सांभाळणारा त्रिंबक दारातून म्हणाला, "म्या. जागा भरली म्हणत होतं. थोडं सामान पलीकडच्या ड्राइव्हमधी सरकवलं. टाकून काहीच दिलं न्हाई."

"पेंडीची पोती हलवली की दारावर खडूनं लिहिता ना, माल कुठं गेला ते?" सत्यभामेनं विचारलं.

"लिहितो की. न्हाईतर आपला हमाल रामहरी रिकाम्या खोलीत शोधत बसंल."

"मशीन बी तसंच बसलंय, गिटला जुन्याच जागी शोधत."

सत्यभामेनं सेटिंगमध्ये जाऊन गिटचा जुना पत्ता पुसला, नवा लिहिला. कमांड लिहायची काळी खिडकी मिटून पुन्हा उघडली आणि तीच कमांड दिली. या वेळी ओळी भराभरा सरकल्या आणि प्रिंटर घरघरला. वस्तीचं नाव तिसरं होतं.

"पहिलं कर," वच्छलाबाई म्हणाल्या.

"पाळी ती पाळी, आत्याबाई."

त्या कागद घेऊन सरळ टँकरच्या केबिनमध्ये चढल्या.

"आजी, तुमी कुठं?" म्हाळू म्हणाला.

"मशीन चुकलं, तू बी चुकशील. चल."

पहिल्या दोन वस्त्यांवर त्या खाली उतरल्या नाहीत. खिडकीतून मान काढून तोटीवर डोळा ठेवून बसल्या.