दात म्हणजे लादी नव्हे

"घास! अजून घास! मागचे राहिले बघ!"

सकाळी सकाळी बेसिनपाशी उभे राहून मिस्त्री ओरडत होते आणि त्यांची लेक डोळ्यांत पाणी आणून दात घासत होती. मिस्त्रींचा धंदा फरशी पॉलिशचा. मळकट मार्बलवर त्यांनी मशीन फिरवलं की त्यात तोंड बघून घ्यावं! त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू घासली की चमकते, यावर त्यांची गाढ श्रद्धा. लेकीचे दात जरा पिवळसर आहेत, असं त्यांच्या बहिणीनं चारचौघांत म्हटलं काय आणि मिस्त्रींनी ते मनावर घेतलं काय! घरात कोळशाची पूड आली, तिच्यावर लिंबू पिळलं जाऊ लागलं, कडक केसांचा ब्रश आला. वर्षभर हा छळ चालला होता.

"अहो, पुरे करा आता," बायको वैतागून म्हणाली. "पोरीला साधं गार पाणी पिता येईना. घोट घेतला की कळवळते."

"होईल सवय. सोमवारी मुलाखत आहे तिची. हॉटेलात रिसेप्शनवर उभं राहायचंय, पिवळे दात दाखवत उभी राहणार?"

"बाबा, एवढं घासून ते आणखी पिवळे होत चाललेत!" लेक चूळ भरत म्हणाली.

मिस्त्रींनी तिला खिडकीशी नेऊन बघितलं. खरंच की! पण त्यातून त्यांनी अर्थ कोणता काढावा? हातानं भागत नाही, मशीनच लावायला हवं! त्याच दिवशी ते तिला घेऊन दातांच्या दवाखान्यात गेले.

नंबर यायचा होता तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. फोनवर त्यांची एक गिऱ्हाईक होती.

"काय? मार्बलवर अ‍ॅसिड ओतलंत?" मिस्त्री ताडकन उभेच राहिले. "ताई, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? अ‍ॅसिड खातं मार्बलला! वर पुन्हा काथ्यानं घासलंत? कपाळ माझं! किती वेळा सांगायचं लोकांना!"

अख्ख्या दवाखान्याला ते ऐकू गेलं. आतल्या डॉक्टरीणबाईंनाही.

लेक खुर्चीत बसली. डॉक्टरीणबाईंनी तिचे दात तपासले, काय लावतेस म्हणून विचारलं आणि उत्तर ऐकून हातातला आरसा खाली ठेवला.

"लिंबू आणि कोळसा? ही अक्कल कोणाची?"

"माझी," मिस्त्री ऐटीत म्हणाले. "तुम्ही फक्त जरा मशीन फिरवा. सोमवारपर्यंत चकाचक पाहिजेत."

"काका, आत्ता बाहेर फोनवर कोणाला झापत होतात?"

"ती? एक गिऱ्हाईक. अ‍ॅसिडनं मार्बलची वाट लावली तिनं."

"आणि तुम्ही घरी वर्षभर काय केलंत?"

मिस्त्री गोंधळले. "मॅडम, मार्बल वेगळा, दात वेगळा. दात केवढा टणक!"

"टणकच! दातावरचं एनॅमल ही शरीरातली सगळ्यात टणक वस्तू. हाडापेक्षा टणक, तुमच्या मार्बलपेक्षाही टणक. वजनात शंभरातले शहाण्णव भाग नुसतं खनिज. पण टणक आहे म्हणून काहीही सोसेल का हो? आंबट लागलं की तेच खनिज विरघळतं, वरचा थर मऊ पडतो. लाळ त्यात थोडं खनिज परत भरायला बघते, तर तिला तुम्ही उसंतच देत नाही. लगेच वर कोळसा घासता!"

"मग पांढरे का नाही झाले?"

"कसे होणार? एनॅमलच्या खालचा भाग मुळातच पिवळसर असतो. वरचा थर झिजवून तुम्ही तोच उघडा पाडलात. तिचे दात चांगले धडधाकट होते, काका. धडधाकट दात कागदासारखे पांढरे असतात, हे कोणी सांगितलं तुम्हाला? बरं, लादी किती जाड असते?"

"बोटभर."

"हा थर चावण्याच्या टोकाशी जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर. हिरडीजवळ तर अगदीच पातळ. त्यातून किती पॉलिश काढणार?"

मिस्त्रींचा आवाज खाली आला. "नवा थर येईल ना? नखं वाढतात तसा?"

"नाही. तो बनवणाऱ्या पेशी दात उगवेपर्यंतच असतात. गेलेला थर पुन्हा कधीच येत नाही."

अरेरे! लोकांच्या लाद्या जपणाऱ्या माणसानं स्वतःच्या लेकीचे दात झिजवले होते!

"मी सांगत होते, बाबा," लेक चिडून म्हणाली. "रोज सांगत होते, दुखतंय म्हणून. तुम्ही ऐकलंत कधी?"

मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, आंबट खाल्ल्यावर नुसती चूळ आणि निदान अर्धा तास ब्रश नाही, हे डॉक्टरीणबाई सांगत होत्या आणि मिस्त्री मान खाली घालून ऐकत होते.

"आहे तेवढं यानं टिकेल," त्या म्हणाल्या. "ठणकाही कमी होईल. पण आता हात आवरा!"

बाहेर रस्त्यावर येताच मिस्त्री थांबले. "चुकलो मी, पोरी. लोकांच्या बोलण्यावर गेलो आणि तुझं ऐकलं नाही. सोमवारी आहेत तसे दात घेऊन जा. दातांवरून कोणी नाक मुरडलं तर ती नोकरी गेली खड्ड्यात! आणि माझ्या बहिणीनं पुन्हा तोंड उघडलं तर तिच्याच बत्तिशीला मशीन लावतो!"

लेक रागातच होती, तरी तिला खळखळून हसू फुटलं. हसता हसता दातांना गार वारा लागला आणि तिनं कळवळून गाल धरला.

मिस्त्री बघत राहिले. ती कळ त्यांनीच दिली होती आणि ती पुसून टाकणारं मशीन जगात कुठंच नव्हतं.

वाचकहो, आपल्याही घरात कोणाचे दात, कोणाचा रंग, कोणाची उंची कुणाच्या तरी शेऱ्यापायी रोज घासली जात असेल. कृपा करून ते घासणं आजच थांबवा! चांगलं असलेलं जपावं, आणि घरचं माणूस दुखतंय म्हणालं की आधी हात थांबवावा. झिजलेलं सगळंच काही भरून येत नाही.